तीसच्या पेटीत आठ

फिलूबायच्या घरी दर उन्हाळ्यात मसाल्याच्या बाटल्या भरल्या जायच्या. मुंबईच्या मूळच्या ख्रिस्ती, ईस्ट इंडियन लोकांचा तो लाल मसाला. बिअरच्या काळपट बाटल्यांत काठीने ठासून भरतात, वरून बूच मारतात आणि वर्षभर पुरवतात. गावठाणातल्या बाकीच्या बायका हाताला येईल ते बूच लावायच्या. फिलूबायच्या प्रत्येक बाटलीला मात्र तिचं स्वतःचं बूच होतं. बाटलीच्या बुडाला आणि बुचाच्या डोक्याला तिने एकच खूण कोरलेली असायची. कुणाला फुली, कुणाला टिंब, कुणाला चांदणी. एकदा मी मदतीला गेले होते, तेव्हा चांदणीचं बूच फुलीच्या बाटलीत दाबलं. छान बसलं.

तिने ते उपटून काढलं.

"बसलं होतं की, बाय," मी म्हटलं.

"बसलं. पन त्या बाटलीचं हाय काय ते?"

"चालेल ना पण."

झालं. 'चालेल' हा शब्द तिच्यासमोर काढायचा नसतो हे मी विसरले होते. तिने मला तिथेच उभं केलं, माझ्या चपला काढायला लावल्या आणि स्वतःच्या माझ्या पायात घातल्या. तिचा पाय माझ्यापेक्षा मोठा, पण चपला चढल्या.

"बसल्या ना? आता क्रुसापर्यंत धावून ये."

मी गल्लीच्या तोंडाच्या क्रुसापर्यंत धावले आणि परत येताना गटाराच्या लादीवर पडले. गुडघा फुटला. तिचा मुलगा विल्सन ओट्यावर बसून हसत होता. "सुमनताई, माझी आय झाकणांची पोलीस हाय. तू कशाला तिच्या चौकीत गेलीस?"

फिलूबाय हसली नाही. हळद घेऊन आली आणि माझ्या गुडघ्यावर दाबत म्हणाली, "आता तुझ्या ध्यानात राहील."

तिचं पूर्ण नाव फिलोमिना. बोरिवलीला डोंगराच्या पायथ्याशी एक रायफल क्लब आहे, तिथल्या काडतुसांच्या खोलीवर ती होती. मी तिथे झाडलोट करते. त्याआधी तिची सगळी नोकरी दारूगोळ्याच्या कारखान्यात गेली. तिथे लांब टेबलावर बायका बसायच्या आणि तयार काडतुसं मापात घालून बघायच्या. जे मापात बसेल ते पुढे, जे नाही ते लाल पेटीत. शेजारच्या बायका भराभर हात चालवायच्या, ही एकेक काडतूस फिरवून बघायची. तिला तिथे गोगलगाय म्हणायचे. हे तिनेच मला सांगितलं आणि सांगताना तिला राग आला नव्हता, उलट ती जरा ताठ बसली होती.

तिच्या उजव्या हाताच्या आंगठ्यावर एक पांढरा व्रण होता. कारखान्यात नवीन असताना एका साहेबाने त्यांच्या टेबलावर एक फुटलेली बंदूक आणून ठेवली होती. नळी केळफुलासारखी उमललेली. साहेब म्हणाले, चुकीचं काडतूस पुढे गेलं की हे होतं. बाकीच्या मुली मागे सरल्या. हिने हात लावून बघितलं आणि आंगठा कापला. "ज्याची बंदूक होती तो मानूस कुठाय, मी विचारलं," ती म्हणाली. "साहेब बोलला, चहा प्या आता."

माणूस म्हणून ती गोड नव्हती. क्लबमध्ये कोणी तिच्याशी दोन वाक्यं जास्त बोलायचं नाही. निळा कोट, दोरी बांधलेला चष्मा, खिशात एका बाजूला जपमाळ आणि दुसऱ्या बाजूला भिंग. मेंबर लोक गाडीतून उतरताना मोठ्याने बोलत यायचे आणि तिच्या खिडकीशी आले की आवाज खाली यायचा. ती काडतूस देताना आधी रायफल बघायची, तिच्या नळीवरचा आकडा स्वतः वाचायची, मग काडतुसाच्या बुडावरचा आकडा वाचायची, मग दोन्ही मोठ्याने म्हणायची आणि समोरच्यालाही म्हणायला लावायची. शाळेतल्या पाढ्यासारखं. काही जण चिडायचे. एक बाई तिला म्हणाल्या होत्या, "अहो, मी इथे दहा वेळा आलेय." फिलूबाय म्हणाली, "मी तुम्हाला वळखते. काडतूस नाय वळखत तुम्हाला."

संध्याकाळी मी रेंजवरच्या रिकाम्या पितळी नळ्या डब्यात गोळा करून तिच्या टेबलावर ओतायचे. काडतूस म्हणजे पितळी नळी, तिच्यात दारू आणि तोंडाशी गोळी. गोळी उडून जाते, नळी मागे राहते. बाकी सगळ्यांना तो भंगार माल वाटायचा. ती मात्र एकेक नळी भिंगाखाली धरायची. मला सुरुवातीला वाटलं, चोरी होते की काय ते बघत असेल. पण ती नळीचं तोंड, मान आणि पोट बघायची. फुगली आहे का, चिरली आहे का.

एकदा त्या ढिगात एक वेगळीच नळी निघाली. नेहमीची नळी बाटलीसारखी असते, खाली पोट आणि वर बारीक मान. हिची मानच नाहीशी झाली होती. सगळं पोटच उरलं होतं. फिलूबायने ती उचलली, चष्मा कपाळावर सरकवला आणि मला म्हणाली, "ही कुणाच्या जागेवर होती?"

मी सांगितलं. एक बिल्डर साहेब होते, ते अजून चहा पीत बसले होते. ती सरळ त्यांच्या टेबलाशी गेली आणि ती नळी त्यांच्या बशीत ठेवली.

"ही काडतुसं तुम्ही कुठून आनली?"

"भावाकडून. का? तीसचीच आहेत. माझी पण तीसचीच रायफल आहे."

"भावाची तीनशे-आठ, तुमची तीस-शून्य-सहा. गोळी एक, नळी वेगळी. भावाची आखूड हाय. तुमच्या रायफलीत ती मोकळी पडली, मग तिला जागा भेटली तिथे ती फुगली."

"पण काही झालं नाही ना?"

"नाय झालं," फिलूबाय म्हणाली. "गावठानात चार डिसोझा हायत. पोस्टमन रोज चुकतो, रोज काय होत नाय. एक दिवस ज्याचं औषध असतं त्याला भेटत नाय."

बिल्डर साहेब हसले आणि उरलेली काडतुसं तिच्या हातात दिली. ती बिनमानेची नळी तिने खोलीच्या खिडकीत ठेवली, बाहेरून येणाऱ्याला दिसेल अशी. मला तिने त्या दिवशी पहिल्यांदा क्लबच्या रायफलींचं तीसचं आणि एका जुन्या जर्मन रायफलीचं आठचं काडतूस शेजारी शेजारी उभं करून दाखवलं. तीस म्हणजे गोळीची जाडी इंचाच्या शंभराव्या भागांत, आठ म्हणजे मिलीमीटरमध्ये. नुसते आकडे ऐकले तर तीस मोठं वाटतं. खरं म्हणजे आठची गोळी जाड असते आणि काडतूस उंचीला थोडं कमी, बोटाचं अर्धं पेर होईल न होईल इतकंच. बूड मात्र दोघांचं अगदी सारखं. पेटीत उभी ठेवली आणि मागून बघितली तर आकडा वाचल्याशिवाय देवालाही कळणार नाही.

"आठच्या रायफलीत तीस जात नाय, लांब पडतं," ती म्हणाली. "तीसच्या रायफलीत आठ जातं. जरा अडतं, जोर लावला की जातं. मग जाड गोळी बंदुकीच्या बारीक नळीत घुसायला बघते. तिला पुढे वाट नाय. मागे कोन असतं?"

मी आठचं काडतूस उचलून तिच्या हातात दिलं.

"मागे मानूस असतं," ती म्हणाली आणि दोन्ही काडतुसं वेगवेगळ्या पेट्यांत ठेवून वेगवेगळी कुलपं लावली.

आठची रायफल क्लबमध्ये एकच होती. एक म्हातारे मेंबर वारले, त्यांच्या घरच्यांनी ती जर्मन रायफल आणि तिची काडतुसं क्लबला दिली होती. फिलूबाय ती पेटी सांभाळायची, पण तिला ती पेटी खोलीत असलेलीच आवडत नव्हती. पाहुणीसारखी आहे, कधी जाईल असं झालंय, म्हणायची.

विल्सन त्याच क्लबमध्ये रेंजवर मदतनीस होता. तिशी ओलांडलेला, उंच, कायम गुणगुणणारा. निशाण्याचे कागद लावणं, रायफली पुसणं, नवीन मेंबरला झोपून नेम धरायला शिकवणं ही त्याची कामं. आईचा तो एकुलता एक. बाप लवकर गेला होता. त्याला साधा ताप आला तरी फिलूबाय खोलीच्या खिडकीतून दिवसभर रेंजकडे बघत राहायची, आणि तो आला की म्हणायची, "बूट पूस आदी, किती माती." एवढंच तिचं प्रेम बाहेर यायचं.

दसऱ्याला क्लबमध्ये शस्त्रपूजा असते. रायफली पुसून सतरंजीवर मांडतात, झेंडू, हळदकुंकू, नारळ. जुन्या सेक्रेटरींच्या वेळेपासून फिलूबायने एक नियम घातला होता. पूजेला काडतुसं मांडायची तर खोटी. ती रिकाम्या नळ्यांना गोळ्या बसवून, दारू न भरता, एक परात तयार करून द्यायची. स्वतः खिडकीतून आरती ऐकायची आणि प्रसादाचा पेढा घ्यायची. कुणाला त्यात काही खटकत नव्हतं.

त्या वर्षी सेक्रेटरी नवीन होते. आदल्या दिवशी ते परात बघायला आले.

"ही रिकामी आहेत ना?"

"रिकामी. पूजेपुरती."

"देवापुढे रिकामं ठेवायचं, फिलूबाय? शोभतं का?"

"देवाला काय करायची साहेब दारू?"

ते हसले. मीही तोंडाला पदर लावून हसले. तेवढ्यावर विषय संपला असं आम्हाला वाटलं.

दसऱ्याच्या सकाळी गावठाणात फिलूबायची मावशी वारली. दफन दुपारी होतं. तिने रिकाम्या काडतुसांची परात टेबलावर काढून ठेवली, दोन्ही पेट्यांची कुलपं ओढून बघितली आणि काळी साडी नेसून गेली. जाताना विल्सनला म्हणाली, "मी येईपर्यंत खोली उघडायची नाय." विल्सन म्हणाला, "नाय उघडत गो. रड जा तू निवांत."

खोलीच्या आणि पेट्यांच्या दुसऱ्या किल्ल्या सेक्रेटरींकडे असायच्या.

मी तेव्हा गेटवर रांगोळी काढत होते. आत काय झालं ते मला नंतर विल्सनकडून आणि रखवालदाराकडून कळलं. सेक्रेटरींनी खोली उघडून दोन्ही पेट्या बाहेर काढल्या आणि खऱ्या काडतुसांचं परातीत कमळ मांडलं. मधे उंच तीसची, बाहेर पाकळ्यांसारखी आठची. फार सुंदर दिसत होतं म्हणे. सगळ्यांनी फोटो काढले. हळदकुंकू वाहिलं, आरती झाली. मग मेंबरांनीच हाताहाताने काडतुसं पुसून पेट्यांत परत ठेवली. सगळी पुसली गेली नाहीत. बुडावर आकडा असतो, तिथे कुंकू बसलं होतं.

आमच्या क्लबात एक चांगली पद्धत होती. दसऱ्याचा पहिला बार नोकरमाणसाने काढायचा. वर्षभर हत्यारं पुसतो त्याचा मान. त्या वर्षी मान विल्सनचा होता. सेक्रेटरींनी तीसच्या पेटीतून स्वतः एक काडतूस काढून त्याच्या हातावर ठेवलं. रखवालदार शेजारीच उभा होता. विल्सनने काडतूस उलटं करून बूड बघितलं आणि आंगठ्याने कुंकू पुसायला गेला.

"अरे पुसतोस काय, देवाच्या पायाचं आहे," सेक्रेटरी म्हणाले.

"आकडा दिसत नाय साहेब."

"तीसच्या पेटीतलं आहे, माझ्या हाताने काढलंय. चालेल. सगळे थांबलेत."

ते भरताना जरा अडलं. विल्सनला वाटलं कुंकवामुळे अडलं असेल. त्याने काडतूस आत ढकलणारा बोल्ट जोर लावून दाबला आणि ते बसलं.

रेंजवरचा आवाज मला रोजचा. भांडी घासताना, केर काढताना कानावर पडत असतो, मी दचकत नाही. त्या दिवशी मात्र माझ्या हातातली रांगोळीची वाटी पडली. तो बंदुकीचा आवाज नव्हता, पत्रा फाटल्यासारखा होता. त्यानंतर कोणी टाळी वाजवली नाही.

फिलूबाय दफनाहून आली तेव्हा विल्सनला गाडीत घालून नेलं होतं. सतरंजीवर झेंडू तसेच होते आणि त्यांच्यात रक्त होतं. तिला कोणीच सांगायला पुढे होईना. शेवटी मी तिच्या हाताला धरलं. ती रडली नाही. तिने विचारलं, "कुठली पेटी?" मी बोटाने दाखवली. तिने तीसची पेटी टेबलावर ओतली आणि काडतुसं एकामागून एक उभी करायला लागली. दोन-तीन पडली, तिने पुन्हा उभी केली. उंच रांगेत मधे मधे बुटकी काडतुसं दिसायला लागली. बुडाला कुंकू.

सेक्रेटरी आले आणि त्यांनी ती सगळी हाताने लोटून पेटीत भरली. "हे आता पोलीस बघतील. तुम्ही मुलाकडे जा."

विल्सनच्या डाव्या हाताची दोन बोटं गेली. उजवा डोळा जागीच गेला होता. डाव्यात पितळेचा तुकडा होता. डॉक्टर म्हणाले, लवकर मोठ्या हॉस्पिटलात नेऊन शस्त्रक्रिया केली तर हा डोळा राहील कदाचित.

दुसऱ्या दिवशी मी डबा घेऊन गेले तेव्हा बाहेरच्या बाकावर फिलूबाय बसली होती आणि सेक्रेटरी तिच्यासमोर उभे होते. मला बघून ते थांबले नाहीत. माझ्यासारखीला बघून कोण थांबतं.

"क्लब सगळं करील," ते म्हणत होते. "आजच हलवू त्याला. फक्त जबाबात पूजेचं काही आणू नका. पेट्या तुमच्या ताब्यात होत्या, काडतुसं कधी मिसळली ते लक्षात आलं नाही, एवढंच."

"मी मिसळली?"

"तसं नाही. लक्षात आलं नाही. वयोमानाने होतं."

"पेट्या तुम्ही उघडल्या, साहेब."

"मी उघडल्या असं निघालं तर क्लबचं लायसन जाईल. क्लबच नसेल तर मुलासाठी करणार कोण? आणि उद्या लोक म्हणतील, ख्रिस्ती बाई आमच्या पूजेला नाव ठेवते. हे तुम्हाला हवंय का? विल्सनला हवंय?"

फिलूबाय काचेच्या दाराकडे बघत राहिली. आत विल्सनचं तोंड पूर्ण बांधलेलं होतं. त्याचा पाय पांघरुणाबाहेर आला होता आणि आंगठा हलत होता, गाण्याचा ताल धरल्यासारखा किंवा नुसता दुखण्याने. मला तिने एकदा सांगितलेलं आठवलं, की कारखान्यात इतकी वर्षं काढली पण तिच्या हातून पुढे गेलेला एकही नग चुकीचा म्हणून परत आला नाही. तिच्याकडे सांगण्यासारखं एवढंच होतं.

"आज हलवता?" तिने विचारलं.

"गाडी खाली उभी आहे."

"चालेल," फिलूबाय म्हणाली.

हवालदार आल्यावर तिने तसंच सांगितलं. तो विचारी आणि ती हो म्हणे. एका ठिकाणी त्यानेच थांबून तिच्याकडे पाहिलं. "मावशी, नक्की ना?" ती म्हणाली, "लिहा."

विल्सनची पट्टी सुटल्यावर त्याला हे कळलं. तो आईशी किती तरी दिवस बोलला नाही. मग एकदा मी तिथे असतानाच म्हणाला, "आय, तू खोटं का बोललीस?" ती भाजी निवडत होती. "तुझा डोळा होता ना," म्हणाली. तो हसला, मला बरं नाही वाटलं ते हसणं. "कुठाय डोळा?" डाव्या डोळ्याने त्याला उजेड आणि सावली एवढंच दिसतं. समोर कोणी उभं आहे इतकं कळतं, कोण ते आवाजावरून. अजून तो मधेच एक वाक्य म्हणतो, कोणी विचारलेलं नसताना. "आय, जरा अडलं, मग बसलं गो."

क्लबने तिला घरी बसवलं. केस अजून आहे, तिला तारखेला जावं लागतं. गावठाणात बायका कुजबुजतात की आईच्याच हातून पोराचं वाटोळं झालं. त्यांना मी एकदा सांगायला गेले होते, पण मी सुरुवात करेपर्यंत त्या दुसरं बोलायला लागल्या. सेक्रेटरी तेच आहेत. खोलीवर नवा माणूस आहे, मोबाइल बघत काडतुसं देतो. खिडकीतली ती बिनमानेची नळी कोणीतरी भंगारात टाकली. मी ती शोधून घरी आणली आहे.

मागच्या उन्हाळ्यात मी तिच्याकडे गेले होते. मसाला कांडून झाला होता. ओट्यावर बाटल्यांची रांग होती आणि शेजारी टोपलीत बुचं. सगळ्या खुणा तशाच होत्या, फुली, टिंब, चांदणी. फिलूबाय भरलेली बाटली पुढे ओढायची, टोपलीत हात घालायची, जे येईल ते बूच लावायची आणि तळव्याने ठोकायची. खाली बघतसुद्धा नव्हती. मी शेजारी बसले.

विल्सन दुसऱ्या टोकाला बसून भरलेल्या बाटल्या भिंतीशी लावत होता. उरलेल्या बोटांनी तो प्रत्येक बाटलीचं तोंड चाचपायचा. एका बाटलीशी थांबला. बुचाच्या डोक्यावरच्या खुणेवरून आंगठा फिरवला, मग बाटली उलटी करून बुडावरची खूण चाचपली. बूच उपटलं आणि आईच्या ठोकण्याचा आवाज यायचा त्या दिशेला हात पुढे केला.

"आय, हे बूच ह्या बाटलीचं नाय."

ती तोपर्यंत उठून उंबऱ्याशी गेली होती. त्याचा हात रिकाम्या जागेकडे पुढे होता आणि हातात बूच होतं. फिलूबाय दारातून त्या हाताकडे बघत उभी राहिली. बूच घ्यायला ती पुढे आली नाही.